गाइडचं बटण दाबल्यावर बॉक्समध्ये काय घडतं?

३१ मार्च २०१३ ही तारीख केबलच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना आजही पाठ आहे. देशातल्या ३८ शहरांत केबलचं अ‍ॅनलॉग प्रसारण बंद करण्यासाठी केंद्र सरकारनं ती ठरवून दिली होती. केबलचा मूळ कायदा १९९५ सालचा. २०११मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि डिजिटल प्रसारण टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं. मुंबईसह चार महानगरं पहिल्या टप्प्यात आली. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रातली नऊ शहरं होती. पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, नाशिक, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली आणि सोलापूर यांच्या बरोबरीनं तेव्हाचं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. सिडको-हडकोच्या इमारतींपासून शहागंजच्या गल्ल्यांपर्यंत घराघरांत टीव्हीच्या पाठीत खोचलेली केबल निघाली आणि मध्ये सेटटॉप बॉक्स येऊन बसला.

त्या वेळी चर्चा झाली ती स्वच्छ चित्राची, वाढलेल्या वाहिन्यांची आणि महिन्याच्या बिलाची. बॉक्सबरोबर आणखी एक गोष्ट घरात आली होती, तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. रिमोटवरचं गाइडचं बटण. ते दाबलं की कोणत्या वाहिनीवर आता काय चाललंय, पुढे काय आहे आणि रात्री आठला काय लागणार आहे, हे पडद्यावर दिसावं अशी अपेक्षा. पूर्वी ही माहिती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून यायची आणि संध्याकाळी दूरदर्शनची निवेदिका ती वाचून दाखवायची. आता ती बॉक्सनं द्यायची होती. कित्येक घरांत मात्र त्या जागी ‘माहिती उपलब्ध नाही’ असा मजकूर येतो, नाहीतर रात्री दहा वाजता दुपारच्या कार्यक्रमाचं नाव दिसतं. मग टीव्ही जुना झाला असं ठरतं किंवा केबलवाल्याला फोन जातो. टीव्हीचा यात जवळजवळ कधीच दोष नसतो. केबलवाल्याचाही क्वचितच असतो. दोष नेमका कुठे शिरतो हे समजायचं, तर बॉक्समध्ये येणारा माल पाहावा लागेल.

डिजिटल प्रसारणात चित्र, आवाज आणि बाकीची सगळी माहिती कापून १८८ बाइटच्या पाकिटांत भरली जाते. एका तारेतून किंवा एका उपग्रह-लहरीतून अनेक वाहिन्यांची पाकिटं एकमेकांत मिसळून धावत असतात. ती वेगळी करता यावीत म्हणून प्रत्येक पाकिटाच्या माथ्यावर क्रमांक असतो. यातले काही क्रमांक राखीव आहेत. भारतानं डीव्हीबी हे युरोपीय मानक स्वीकारलं आहे आणि त्यात शून्य क्रमांकाच्या पाकिटात या प्रवाहात कोणकोणत्या सेवा आहेत त्याची यादी असते. १६ क्रमांकात जाळ्याची माहिती, १७मध्ये वाहिन्यांची नावं, १८मध्ये कार्यक्रमांची नावं आणि वेळा, २०मध्ये घड्याळ. बॉक्स चालू झाला की आधी या राखीव पाकिटांचा शोध घेतो. आपण गाइड म्हणतो ते मुख्यतः १८ आणि २० या दोन क्रमांकांवर उभं असतं.

अठरा क्रमांकातली माहिती दोन प्रकारची असते. एसटी स्टँडवर ध्वनिक्षेपकावरून आत्ता फलाटाला लागलेल्या आणि त्यानंतर सुटणाऱ्या गाडीची घोषणा होते, आणि भिंतीवर दिवसभराच्या गाड्यांचा फलक वेगळा असतो, तसंच हे आहे. ‘आत्ता आणि पुढे’ एवढंच सांगणारी तक्ता-माहिती छोटी असते आणि काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा पाठवली जाते. आठवडाभराचं वेळापत्रक मोठं असतं. त्याला जागा लागते, आणि तारेतली जागा म्हणजे पैसा. त्याच जागेत आणखी एखादी वाहिनी बसवता येते. जागा वाचवायची म्हटलं की कात्री आधी वेळापत्रकाला लागते. चालू कार्यक्रमाचं नाव नीट दिसतं आणि उद्याचं पान कोरं असतं, तेव्हा बहुधा बॉक्सकडे घोषणा पोचलेली असते आणि फलक पाठवलेलाच नसतो. अशा वेळी बॉक्स बदलून काहीही हाती लागत नाही.

दुसरी अडचण जरा आत दडलेली असते. बॉक्स एका वेळी एकाच लहरीवर बसलेला असतो, त्यामुळे त्या लहरीवरच्या वाहिन्यांचीच पाकिटं त्याला दिसतात. बाकीच्या लहरींवरच्या वाहिन्यांचं वेळापत्रकही याच लहरीवर सोबत पाठवण्याची सोय मानकात आहे, पण ती ऐच्छिक आहे. प्रसारकानं ती वापरली नाही, तर तुम्ही ज्या वाहिन्यांवरून फिरून आलात तेवढ्यांचेच रकाने भरतात. पाच-दहा वाहिन्या चाळल्यावर गाइड हळूहळू भरत गेल्यासारखं दिसतं, त्याचं कारण हेच.

आणि मग घड्याळ. विसाव्या क्रमांकाच्या पाकिटात येणारी वेळ भारतीय नसते. ती जागतिक प्रमाणवेळ असते आणि कार्यक्रमांच्या वेळाही त्याच हिशेबात लिहिलेल्या असतात. त्यात साडेपाच तास मिळवायचं काम बॉक्सनं करायचं. कंपनीनं दिलेल्या बॉक्समध्ये ते आधीच बसवलेलं असतं. खुल्या बाजारातून आणलेल्या बॉक्समध्ये देश किंवा वेळपट्टा आपल्याला निवडावा लागतो. तो शून्यावर राहिला तर रात्री साडेआठच्या मालिकेसमोर दुपारचे तीन दिसतात. गाइड साडेपाच तासांनी चुकत असेल तर तक्रार करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन वेळपट्टा पाहावा. दोन मिनिटांचं काम आहे.

याच घड्याळात पुढच्या काळाची एक अडचण लिहून ठेवलेली आहे. तारीख मोजायला या मानकात १६ बिटांची जागा आहे आणि मोजणी १७ नोव्हेंबर १८५८पासूनच्या दिवसांची, खगोलशास्त्रज्ञांच्या पद्धतीनं होते. १६ बिटांत ६५,५३५ हा सर्वांत मोठा आकडा बसतो. तो दिवस येतो २२ एप्रिल २०३८ला. तेव्हा चालू असलेल्या बॉक्सना तारखेचा नवा हिशेब शिकवावा लागेल. आज विकला जाणारा बॉक्स तोवर टिकेल न टिकेल, पण टीव्हीतच बसवलेले ट्यूनर बराच काळ राहतात.

पाकिटांत भरायची माहिती मुळात येते कुठून? वाहिनी आपलं वेळापत्रक आधी बनवते. ते गोळा करून, एका साच्यात घालून वितरकांना पुरवणाऱ्या वेगळ्या कंपन्या असतात. भारतात या कामाचा पाया घालणाऱ्यांत अतुल फडणीस यांची ‘व्हॉट्स ऑन इंडिया’ ही कंपनी महत्त्वाची. २०१४मध्ये ती ग्रेसनोट या कंपनीनं विकत घेतली. तिथून माहिती वितरकाच्या हेडएंडमध्ये येते, म्हणजे जिथे सगळ्या वाहिन्या गोळा होऊन तारेत सोडल्या जातात त्या ठिकाणी. तिथलं यंत्र तिची पाकिटं बनवतं. क्रिकेटचा सामना लांबला, बातम्या वाढल्या, तर वाहिनीवरचा कार्यक्रम पुढे सरकतो. हेडएंडमधली फाइल कुणी हलवली नाही तर ती जुन्याच वेळेवर बसून राहते. गल्लीतल्या केबलवाल्याच्या हातात या साखळीतलं जवळपास काही नसतं. शिव्या मात्र त्यालाच बसतात, याचं मला वाईट वाटतं.

चित्र आलं म्हणजे गाइड आलंच असं नाही, याचा मोठा अनुभव अमेरिकेनं घेतला. १२ जून २००९ रोजी तिथल्या मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनलॉग प्रक्षेपण बंद झालं. अँटेनावर टीव्ही पाहणाऱ्या घरांना कन्व्हर्टर बॉक्स घेता यावा म्हणून सरकारनं ४० डॉलरची कूपनं दिली, एका घराला दोनपर्यंत. डिजिटल लहर घ्यायची आणि जुन्या टीव्हीला समजेल असं अ‍ॅनलॉग चित्र बाहेर काढायचं, एवढंच त्या बॉक्सचं काम. ते त्यानं चोख केलं. पण तिथल्या अनेक टीव्ही आणि रेकॉर्डरमध्ये ‘टीव्ही गाइड ऑन स्क्रीन’ नावाची सोय होती. तिची माहिती अ‍ॅनलॉग चित्राच्या न दिसणाऱ्या रिकाम्या ओळींमध्ये लपवून पाठवली जायची. कन्व्हर्टरमधून चित्र नव्यानं तयार होऊन निघालं, तेव्हा बहुतेक ठिकाणी त्या ओळी कोऱ्याच राहिल्या. गाइडमधून कार्यक्रम निवडून रेकॉर्डिंग लावणाऱ्यांचे चांगले चालणारे रेकॉर्डर एकाएकी आंधळे झाले. २०१३मध्ये ती सेवाच थांबली. यंत्र बिघडलं नव्हतं, त्याला वाचता येईल अशा ठिकाणी माहिती येणं थांबलं होतं.

आपल्याकडे अँटेनावरच्या टीव्हीचं डिजिटल रूप संभाजीनगरात आलं हे फार जणांना माहीत नाही. खुलताबादच्या पुढे म्हैसमाळला गिरिजामातेच्या दर्शनाला किंवा पावसाळ्यात धुकं पाहायला जाणाऱ्यांनी तिथला दूरदर्शनचा मनोरा पाहिलेला असतो. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत पत्र्यावर बांधलेले अ‍ॅल्युमिनियमचे अँटेना त्याच्या दिशेनं वळवलेले असत. २५ फेब्रुवारी २०१६ला दूरदर्शननं देशातल्या १६ शहरांत डीव्हीबी-टी२ या पद्धतीचं डिजिटल प्रक्षेपण सुरू केल्याचं जाहीर केलं आणि त्या १६ शहरांत औरंगाबाद होतं. मोबाइलला एक छोटा डोंगल जोडायचा आणि इंटरनेटशिवाय, रिचार्जशिवाय डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी भारती, डीडी स्पोर्ट्स अशा वाहिन्या पाहायच्या, अशी ती योजना होती. मोठ्या टीव्हीवर पाहायचं तर टी२ समजणारा बॉक्स किंवा तसा ट्यूनर असलेला टीव्ही हवा. अमेरिकेसारखी कूपनं इथे नव्हती, आणि लोक तोवर केबल आणि उपग्रहाच्या छत्रीकडे वळले होते. पुढे प्रसारभारतीनं मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० वगळता अ‍ॅनलॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२पर्यंत टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचं वेळापत्रक जाहीर केलं. मला ही गोष्ट चुटपूट लावते. जमिनीवरच्या डिजिटल लहरीला कुणाचं कार्ड लागत नाही, गाइड उघड्या मानकात येतं आणि कुठल्याही कंपनीचा टी२ बॉक्स ते वाचू शकतो. संभाजीनगरच्या दारात आलेली ही सोय लोकांच्या हातात पोचली नाही.

या शहराचं बॉक्सशी आणखी एक नातं आहे. पैठण रस्त्यावरचं चितेगाव म्हणजे व्हिडिओकॉन, हे समीकरण मराठवाड्यातल्या दोन पिढ्यांच्या डोक्यात पक्कं आहे. रंगीत टीव्हीच्या या कंपनीनं अनेक घरांना नोकरी दिली. बीड रस्त्यावर भालगावला याच समूहातल्या ट्रेंड इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना होता आणि तिच्या उत्पादनांत सेटटॉप बॉक्सही होते. समूहानं २००९मध्ये ‘डीटूएच’ ही छत्रीवरची सेवा सुरू केली आणि तिच्यासोबत बाजारात आणला ‘सॅटेलाइट टीव्ही’. त्याच्या आतच बॉक्स बसवलेला होता. वेगळी वायर नाही, दुसरा रिमोट नाही, टीव्हीच्याच पडद्यावर गाइड. टीव्ही बनवणारा आणि सेवा देणारा एकच असल्यामुळे सगळं एकमेकांशी बेतशीर जुळलेलं. कल्पना नेटकी होती, आजही मला ती आवडते.

मात्र आतला बॉक्स एकाच कंपनीचा. दुसऱ्या कंपनीची सेवा घ्यायची तर टीव्हीच्या पोटातला बॉक्स मुका राहतो आणि बाहेर नवा जोडावा लागतो. २०१८मध्ये डीटूएचचं डिश टीव्हीत विलीनीकरण झालं आणि त्याच वर्षी व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. टीव्ही आणि सेवा एका छताखाली असल्यानं साधलेला तो मेळ राहिला नाही.

एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे का चालत नाही? पाकिटं १८८ बाइटचीच असतात, चित्राचं मानकही बहुतेक ठिकाणी तेच. पण पैसे भरणाऱ्यालाच चित्र दिसावं म्हणून पाकिटांना कुलूप लावलेलं असतं आणि प्रत्येक कंपनीचं कुलूप वेगळं. डीटीएच, म्हणजे छत्रीवरच्या सेवेसाठीच्या २००१ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतच बॉक्स एकमेकांच्या सेवेवर चालले पाहिजेत, अशी अट होती. त्यासाठी किल्ली वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवून बॉक्सच्या खाचेत बसवायची, असा मार्ग होता. मॉड्यूल महाग पडायचं, ते शोधायचं कुठे हेही ग्राहकाला ठाऊक नसायचं. कंपनी बदलायची तर माणूस नवा बॉक्सच घ्यायचा. एप्रिल २०२०मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं पुन्हा शिफारस केली की प्रत्येक बॉक्स आणि डिजिटल टीव्हीत यूएसबीच्या खाचेत बसणारी किल्ली चालावी. ही शिफारस मनापासून अमलात यायला हवी. एकेका घरात कपाटावर दोन-दोन, तीन-तीन चालू अवस्थेतले बॉक्स धूळ खात पडलेले आहेत. पैसे आपलेच गेले आणि कचराही आपल्याच शहरात वाढला.

एवढं करूनही गाइडचा प्रश्न उरतो, आणि त्याकडे धोरण आखणाऱ्यांचंही लक्ष कमी गेलं आहे. पैसे घेणाऱ्या बऱ्याच सेवा उघड्या अठरा क्रमांकात जुजबी माहिती ठेवतात. सविस्तर वेळापत्रक, कार्यक्रमाची चित्रं, आठवणीची घंटा, मालिकेचं आपोआप रेकॉर्डिंग हे सगळं त्या आपल्या खासगी पाकिटांत, आपल्याच सॉफ्टवेअरला कळेल अशा रीतीनं पाठवतात. उद्या किल्ली बदलून दुसऱ्या कंपनीचं चित्र तुमच्या बॉक्सवर उघडलं, तरी गाइडमध्ये ‘आत्ता आणि पुढे’ यापलीकडे काही दिसेल याची खात्री नाही. बॉक्स सगळीकडे चालावा असं म्हणताना गाइडही उघड्या मानकात पूर्ण द्यावं, असं त्याच वाक्यात म्हणायला हवं.

वाहिन्यांच्या क्रमांकांबाबत मात्र नियम स्पष्ट आहेत. ट्रायच्या २०१७च्या नियमांनुसार एका प्रकारच्या वाहिन्या गाइडमध्ये एकत्र ठेवायच्या, एक वाहिनी एकाच जागी दाखवायची आणि दिलेला क्रमांक निदान वर्षभर हलवायचा नाही. ग्राहकासाठीची माहिती ९९९ क्रमांकावर. आपल्या पसंतीनं वाहिन्या निवडायची पद्धत १ फेब्रुवारी २०१९पासून लागू झाली, तेव्हा अनेकांनी हा क्रमांक पहिल्यांदा दाबला असेल.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मराठी वाहिनीवरच्या मराठी मालिकेचं नाव गाइडमध्ये बहुतेक वेळा रोमन लिपीत का दिसतं? ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही अशा कितीतरी आज्या-आजोबांना, मावश्यांना गाइड असूनही नसल्यासारखं आहे. याचं मूळ जुनं आहे. डिजिटल टीव्हीची अक्षर-व्यवस्था ज्या काळात ठरली, तेव्हा जगातल्या लिप्यांसाठी ८८५९ या क्रमांकाच्या मानकाचे एकेक भाग बनत होते. बारावा भाग देवनागरीसाठी व्हायचा होता. ते काम सोडून देण्यात आलं, आणि अकरानंतर एकदम तेरा असा त्या मालिकेचा क्रम आजही आहे. ग्रीक, अरबी, हिब्रू, थाई यांना आपापला भाग मिळाला. देवनागरीची खुर्ची रिकामी राहिली.

पुढे युनिकोड आलं आणि डीव्हीबीनं तेही सामावून घेतलं. मजकुराच्या सुरुवातीला एक खुणेचा बाइट टाकला की पुढचा मजकूर युनिकोडमध्ये आहे हे बॉक्सला कळतं. मराठीसाठी तीन अक्षरी भाषा-खूणही आहे. म्हणजे पाठवणाऱ्याच्या बाजूनं दार उघडं आहे. पण युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजून. कार्यक्रमाचं नाव आणि थोडक्यात माहिती यांच्या छोट्या चौकटीत एकूण २५०च्या आसपास बाइट बसतात. रोमनमध्ये तेवढ्यात दोन-तीन वाक्यं मावतात, देवनागरीत सुमारे ८० चिन्हं, म्हणजे जेमतेम एक वाक्य. याहून मोठ्या मजकुरासाठी वेगळी चौकट आहे, ती वापरायची तयारी हवी.

घेणाऱ्याच्या बाजूचा अडथळा मोठा आहे. बॉक्समध्ये देवनागरी फाँट असून भागत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी साठवली जाते ‘क’नंतर, पण दाखवायची असते आधी. ‘क्ष’, ‘त्र’, ‘र्‍या’ ही जोडाक्षरं घडवावी लागतात. हे काम करणारा सॉफ्टवेअरचा भाग स्वस्त बॉक्समध्ये नसला, की पडद्यावर सुटे ‘क्’ आणि चुकीच्या जागी लटकलेल्या वेलांट्या दिसतात, नाहीतर नुसते चौकोन. मग तक्रारी टाळण्यासाठी वितरक रोमनच पाठवत राहतो, आणि रोमनच येतं म्हणून बॉक्स बनवणारा देवनागरीवर खर्च करत नाही. हा फेरा बाजार आपण होऊन तोडेल असं मला वाटत नाही. मानकानंच तो तोडावा लागेल. भारतीय मानक ब्यूरोचं केबल बॉक्ससाठी आयएस १५२४५ आहे, डीटीएचसाठी आयएस १५३७७ आहे, आणि आतच उपग्रह-ट्यूनर असलेल्या टीव्हींसाठी २०२२ सालचं आयएस १८११२. या शेवटच्या मानकाप्रमाणे बनलेल्या टीव्हीला छत्रीची वायर थेट जोडली की बॉक्सशिवाय मोफत वाहिन्या दिसाव्यात, हा हेतू आहे. देवनागरी जोडाक्षरं नीट दाखवणं हे त्यात तपासणीचं कलम म्हणून असायला हवं. टीव्हीच्या प्रोसेसरला हे ओझं नाही. साध्या मोबाइलवर आपण रोज अचूक मराठी वाचतोच.

तोवर दुकानात बॉक्स किंवा टीव्ही घेताना एवढं तरी करावं. दुकानदाराला डीडी सह्याद्री लावायला सांगावं आणि गाइड उघडावं. घड्याळ आपल्या मनगटाशी जुळतंय का, चालू कार्यक्रमाचं नाव खरं आहे का, उद्याचा रकाना भरलाय का, आणि मेनूची भाषा मराठी केली तर ‘कार्यक्रम’ हा शब्द धड उमटतो का, हे पाहावं. घरी आणल्यावर रात्री भिंतीवरचं बटण बंद करण्याऐवजी आठवड्यातून एखाद्या रात्री बॉक्स रिमोटनं बंद करून ठेवावा. अनेक बॉक्सचं नवं सॉफ्टवेअर अशा निवांत वेळीच उतरतं, आणि वीजच तोडली तर बॉक्स महिनोन्‌महिने जुन्या सॉफ्टवेअरवर चालत राहतो.